जनुकाचे मौन आणि कर्करोगाचा संचार

स्तनाच्या कर्करोगाने होणारे बहुतेक मृत्यू स्तनातील मूळ गाठीमुळे होत नाहीत. त्या गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तातून आणि लसिकावाहिन्यांतून प्रवास करीत अस्थी, फुप्फुसे, यकृत किंवा मेंदू येथे ठाण मांडतात आणि त्या त्या इंद्रियाचा कारभार हळूहळू बंद पाडतात, तेव्हा रोगी दगावते. गाठ किती मोठी आहे यापेक्षा ती पसरली आहे काय, आणि पसरण्यापूर्वी तिला अटकाव करता येईल काय, हाच या रोगाच्या चिकित्सेतील मूळ प्रश्न होय. 2022 साली जगभरात सुमारे 23 लाख स्त्रियांना हा रोग झाल्याचे निदान झाले आणि सुमारे 6 लाख 70 हजार स्त्रिया त्याने मरण पावल्या. भारतात त्याच साली अंदाजे 1 लाख 92 हजार नवे रोगी आणि 98 हजार मृत्यू असा हिशेब होता. म्हणजे जगात साडेतीन रोग्यांमागे एक मृत्यू, तर आपल्या देशात दोघींमागे एक.

पेशीतील एखादे विवक्षित जनुक मूक करून हा प्रसार आवरता येईल, अशी आशा गेली वीस वर्षे शास्त्रज्ञ बाळगून आहेत. त्या आशेच्या बाजूने जे सांगता येते आणि तिच्याविषयी साशंक राहून जे विचारावेसे वाटते, ते येथे दोघांच्या तोंडी घातले आहे. एक आहेत जिल्हा रुग्णालयात उभी हयात शस्त्रक्रिया करून निवृत्त झालेले शल्यवैद्य, आणि दुसऱ्या, महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या अध्यापिका.

शल्यवैद्य : बाई, अमुक एक जनुक मूक केले आणि उंदरांतील स्तनाचा कर्करोग पसरावयाचा थांबला, अशी वार्ता वर्तमानपत्रांत दर काही महिन्यांनी येते. ती खोटी असते असे मी म्हणत नाही. पण मूक करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हे मला प्रथम समजावून सांगा. जनुक तर पेशीच्या केंद्रकात असते. ते काढून टाकावयाचे, की त्याची रचनाच बदलावयाची?

अध्यापिका : दोन्हीही नाही, डॉक्टर. जनुक आहे तेथे आणि आहे तसेच राहते. जनुकातील मजकुराची आरएनएच्या रूपाने एक नक्कल होते, ती नक्कल केंद्रकाबाहेर येते आणि तिच्यावरून पेशी प्रथिन घडविते. मूक करणे म्हणजे प्रथिन घडण्यापूर्वीच ती नक्कल नष्ट करणे. ही विद्या मनुष्याने निर्माण केलेली नाही, ती सजीवांच्या ठायी मूळचीच आहे. 1990 साली अमेरिकेतील संशोधकांनी पेट्यूनियाच्या फुलांचा जांभळा रंग अधिक गडद व्हावा म्हणून रंग घडविणाऱ्या जनुकाची एक जादा प्रत झाडात घातली, तर काही फुले चक्क पांढरी निपजली, कारण बाहेरून आलेल्या प्रतीपायी घरचे जनुकही मुके झाले होते. या प्रकाराचा उलगडा 1998 साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म सूत्रकृमीवर प्रयोग करून केला. दुपदरी आरएनए पेशीत शिरला की पेशी त्याचे लहान लहान तुकडे करते, आणि त्या तुकड्यांशी ज्या नकलेचा मजकूर जुळतो तेवढीच नक्कल तोडून टाकते. पुढे 2001 साली थॉमस टुश्ल यांच्या प्रयोगशाळेने अवघ्या 21 अक्षरांचे तुकडे मनुष्याच्या पेशींतही हेच कार्य करतात असे दाखविले, आणि 2006 साली फायर व मेलो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. याखेरीज, आपल्याच जनुकांना लगाम घालण्यासाठी पेशी स्वतःही काही चिमुकले आरएनए बनविते. त्या सूक्ष्म-आरएनएच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांना 2024 साली तोच मान प्राप्त झाला.

शल्यवैद्य : प्रक्रिया ध्यानात आली. आता माझी पहिली शंका ऐका. लंडनचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी 1889 साली स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या 735 स्त्रियांच्या शवचिकित्सेची दप्तरे तपासली आणि असे दाखविले की, हा रोग वाटेल त्या इंद्रियात सारख्याच प्रमाणात जात नाही. रक्त सर्वत्र फिरते, तरी प्लीहेत तो क्वचितच आढळतो आणि यकृतात वारंवार आढळतो. यावरून त्यांनी बीज आणि भूमी यांचा सिद्धान्त मांडला: पेशी हे बीज, आणि ते चहूकडे विखुरले तरी अनुकूल भूमीतच रुजावयाचे. मग जे कार्य बीज आणि भूमी या दोहोंच्या संगनमताने होते, ते बीजातील एका जनुकाचे तोंड बंद केल्याने थांबेल असे तुम्ही कशावरून म्हणता?

अध्यापिका : रुजण्यापूर्वी बीजाला देठापासून सुटावे लागते, यावरून. स्तनातील नलिकांचे अस्तर ज्या पेशींचे असते, त्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. प्रसार व्हावयाचा तर त्यांनी ती चिकटण सोडून हालचाल करण्याची शक्ती अंगी आणली पाहिजे. अशी शक्ती गर्भावस्थेत पेशींना असतेच, कारण गर्भाचे थर घडताना पेशींना एका जागेहून दुसऱ्या जागी जावे लागते. या कामी लागणाऱ्या जनुकांपैकी ट्विस्ट नावाचे एक जनुक प्रथम फळमाशीच्या गर्भात सापडले. 2004 साली अमेरिकेतील रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेतील जिंग यांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, उंदराच्या स्तनातील अत्यंत प्रसारशील कर्करोगात हे गर्भकाळचे जनुक पुन्हा जागे झालेले असते, आणि ते मूक केले की फुप्फुसांतील गाठींची संख्या पुष्कळ घटते. यातील मर्माची गोष्ट अशी की, मूळ गाठ पूर्वीसारखीच वाढत राहिली; उणावला तो केवळ प्रसार. वाढणे आणि पसरणे ही एकाच व्यापाराची दोन नावे नव्हेत, ती निरनिराळ्या जनुकांच्या हाती असू शकतात, ही गोष्ट त्या प्रयोगाने स्पष्ट झाली. पुढे त्याच प्रयोगशाळेने ट्विस्टच्या आज्ञेवरून वाढणारा एक सूक्ष्म-आरएनए शोधला, त्याचा क्रमांक 10बी. 2010 साली त्याला बांधून ठेवणारा रेणू उंदरांच्या रक्तात सोडला, तेव्हाही फुप्फुसांतील प्रसार घटला आणि मूळ गाठ जशीच्या तशी राहिली.

शल्यवैद्य : तुम्ही जे मर्म म्हणून सांगता, तेच मला काळजीत टाकते. मूळ गाठ कमी होत नसेल, तर औषध लागू पडले हे रोग्याच्या शय्येपाशी उभा असलेला वैद्य कशावरून ओळखणार? आणि उंदरांत प्रसार रोखणारी औषधे यापूर्वीही आली होती. पेशी आपल्या भोवतालचे जाळे ज्या विकरांनी विरघळवून वाट काढतात, त्या विकरांना अडविणारे मॅरिमास्टॅट नावाचे औषध 1990 च्या दशकात मोठ्या आशेने पुढे आले. प्राण्यांत ते गुणकारी ठरले होते. परंतु पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या स्त्रियांना रसायनोपचारानंतर ते देऊन पाहिले, तेव्हा रोग आटोक्यात राहण्याची मुदत काही वाढली नाही, स्नायू आणि सांध्यांच्या वेदना मात्र पदरी पडल्या. दुसरे असे की, पेशी चिकटण सोडते म्हणून पसरते, या तुमच्या कथेवरच पुढे आक्षेप निघाले. 2015 साली उंदरांवरील एका अभ्यासात असे दिसले की, असे रूपांतर न झालेल्या पेशीही स्तनातून फुप्फुसांत पोहोचतात. 2019 साली तर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले की, पेशींना चिकटवून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन काढून घेतल्यास पेशी आसपास अधिक घुसतात खऱ्या, परंतु दूरच्या इंद्रियात जाऊन रुजण्यास असमर्थ होतात. मग चिकटण शत्रू की मित्र? ज्या जनुकाविषयी शास्त्रज्ञांतच एकमत नाही, ते मूक करण्यासाठी मी एखाद्या बाईच्या रक्तात औषध कसे सोडू?

अध्यापिका : तुमचा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्यात आणखी भर घालते. मौन हे रोगाचेही शस्त्र आहे. 1988 साली पॅट्रिशिया स्टीग यांनी एनएम-23 हे जनुक शोधले. प्रसारशील पेशींत त्याचा आवाज क्षीण झालेला असतो. कर्करोग कित्येकदा डीएनएवर मिथिल गट चढवून प्रसाराला आवर घालणारी जनुके गप्प करतो. तेव्हा सर्वांना मूक करा, असे कोणीच म्हणत नाही. कोणाला मूक करावे आणि कोणाला पुन्हा बोलते करावे, याचा विवेक करावा लागतो. पण डॉक्टर, हा विवेक यावयाचा कोठून? एकेक जनुक मूक करून पाहिल्यावाचून त्याचे कार्य काय हे कळण्याचा सुलभ मार्ग पूर्वी आपल्याला उपलब्धच नव्हता. औषध म्हणून हे तंत्र यशस्वी होवो वा न होवो, प्रश्न विचारण्याचे साधन म्हणून त्याने आपले काम बजावले आहे.

राहिला मॅरिमास्टॅटचा प्रश्न. ते औषध कोणाला दिले गेले? ज्यांच्या शरीरात बीज आधीच रुजून वाढले होते त्यांना. प्रसार रोखणारे औषध प्रसार होऊन गेल्यावर दिले, तर त्याच्या अपयशाचा अर्थ एवढाच की, ते अवेळी दिले. याच रोगात याच्या उलट उदाहरणही घडले आहे. हर-2 या प्रथिनावर चालणारे ट्रॅस्टुझुमॅब 1998 साली अमेरिकेत मंजूर झाले ते पसरलेल्या रोगासाठी, आणि तेथे त्याने आयुष्य काही महिन्यांनी वाढविले. तेच औषध शस्त्रक्रियेनंतर लवकर दिल्यास रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर येते, असे 2005 सालच्या चाचण्यांनी दाखविले. औषध तेच, रोग तोच. अंतर पडले ते वेळेमुळे.

शल्यवैद्य : वेळेचा मुद्दा मी मनापासून स्वीकारतो, कारण आमच्या शास्त्राचा इतिहासही तेच सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॅल्स्टेड यांनी स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथीही काढण्याची मोठी शस्त्रक्रिया रूढ केली, आणि जितके अधिक कापावे तितका रोग निःशेष होतो, या समजुतीवर शल्यवैद्यांच्या कित्येक पिढ्यांनी ती केली. बर्नार्ड फिशर यांनी 1971 साली सुरू केलेल्या चाचणीने असे सिद्ध केले की, मोठ्या शस्त्रक्रियेने स्त्रियांचे आयुष्य वाढत नाही. ज्या पेशी जावयाच्या त्या पुष्कळदा सुरी चालण्यापूर्वीच निघून गेलेल्या असतात. परंतु वेळ साधली तरी औषध पोहोचावयाचे कसे? नुसता आरएनए रक्तात सोडला तर तेथील विकरे त्याचे तुकडे करतात, मूत्रपिंडे त्याला त्वरेने बाहेर टाकतात. आणि त्याच्या ऋण भारामुळे पेशीचे आवरण त्याला आत येऊ देत नाही, असे मी वाचतो.

अध्यापिका : अडचण खरी आहे, आणि ती अर्धी सुटली आहे. 2018 साली अमेरिकेत मंजूर झालेले पॅटिसिरॅन हे या जातीचे पहिले औषध. आनुवंशिक अमायलॉइड रोगात यकृतात तयार होणारे एक प्रथिन ते थांबविते, आणि त्यासाठी आरएनए मेदाच्या सूक्ष्म कणांत बंद केलेला असतो. पुढे विशिष्ट शर्करा जोडलेले आरएनए आले; यकृताच्या पेशींवर त्या शर्करेसाठी ग्राहक असल्यामुळे ते थेट तेथेच जातात. रक्तातील कोलेस्टेरॉल घटविणारे इन्क्लिसिरॅन सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोनदा त्वचेखाली टोचले की पुरते. म्हणजे यकृताचा दरवाजा उघडला आहे. गाठीचा दरवाजा तितकासा उघडलेला नाही: कणांपैकी थोडेच तेथे पोहोचतात, आणि जे पेशीत शिरतात त्यांतील बहुतेक पेशीच्या पिशवीतच अडकून राहतात. तरीही 2010 साली त्वचेच्या कर्करोगाच्या रोग्यांना रक्तावाटे असे कण दिल्यावर ते गाठीत पोहोचले आणि ठरलेली नक्कल ठरलेल्या ठिकाणीच तुटली, हे मनुष्याच्या शरीरात प्रथमच दिसून आले. 2014 साली हार्वर्डमधील संशोधकांनी आणखी एक वाट दाखविली. रक्ताचा मार्ग सोडून त्यांनी स्तनाग्रातून थेट नलिकांत कण सोडले आणि हॉक्स-ए1 हे जनुक मूक केले; त्यामुळे ज्या उंदरांच्या जातीत गाठी हटकून होतात, त्यांतील बहुतेक उंदरांत त्या मुदतीपर्यंत कर्करोग झाला नाही.

शल्यवैद्य : तथापि, कर्करोगासाठी या जातीचे एकही औषध अजून मंजूर झालेले नाही, हे तुम्ही नाकबूल करणार नाही. आणि आता मी माझा खरा मुद्दा मांडतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 साली मुंबईतील झोपडपट्ट्यांत एक चाचणी सुरू केली. 35 ते 64 वर्षे वयाच्या 1 लाख 51 हजारांहून अधिक स्त्रिया तीत होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्त्रियांच्या स्तनांची हाताने तपासणी केली. ना यंत्र, ना वीज, ना महागडे रसायन. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गाठी अगोदरच्या अवस्थेत सापडू लागल्या, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले. त्याच संस्थेच्या पुढाकाराने देशातील 11 केंद्रांत सुमारे 1600 स्त्रियांवर 2011 पासून दुसरी एक चाचणी झाली. शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन टोचावयाचे, एवढाच तीतील उपचार. दात काढताना टोचतात तेच हे बधिरीकरणाचे औषध. पाच वर्षांनी पाहिले तर रोग न उलटता जगणाऱ्या स्त्रिया 82.6 टक्क्यांवरून 86.6 टक्क्यांवर, आणि एकंदर जिवंत राहिलेल्या 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर गेल्या होत्या. प्रसाराला आळा घालणारी ही औषधे आजच आपल्या हाती असताना, जिल्ह्याच्या रुग्णालयात त्यांचीच तजवीज होत नसताना, आपण लाखो रुपयांच्या रेणूंची वाट का पाहावी? माझ्याकडे येणाऱ्या कित्येक बायका गाठ फुटून व्रण झाल्यावर येत असत. घरातल्या माणसांना सांगण्याचा संकोच, शेतातली कामे, तालुक्याच्या गावापर्यंतचे भाडे, अशी त्याची कारणे असत. त्यांच्या विलंबाचे कारण कोणत्याही जनुकात नव्हते.

अध्यापिका : डॉक्टर, या दोन्ही चाचण्यांना मी तुमच्याइतकाच मान देते, आणि त्या माझ्या मताविरुद्ध जात नाहीत. लिडोकेनची चाचणी काय सांगते? शस्त्रक्रियेच्या सुमारास एक नाजूक काळ असतो, त्या काळात पेशींच्या संचाराला बाहेरून अडथळा करता येतो, आणि केलेला अडथळा पाच वर्षांनीही मोजता येतो. प्रसारविरोधी औषधाची परीक्षा कशी घ्यावी, या तुमच्या मघाच्या प्रश्नाचेही उत्तर तीच चाचणी देते: गाठीचा आकार न मोजता, किती स्त्रियांत रोग उलटला आणि किती जगल्या हे मोजावे. जनुक मूक करणारे औषध द्यावयाचे ते याच काळात, याच रीतीने, आणि शक्य तर शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातच, म्हणजे रक्तावाटे साऱ्या शरीरात फिरविण्याची गरज कमी पडेल. पण हा काळ गाठ वेळीच सापडली तरच मिळतो. तुमच्या आरोग्यसेविकेवाचून माझ्या रेणूला अवकाशच उरत नाही. प्रसार झाल्यावर आलेल्या स्त्रीला तुमचे लिडोकेन जितके निरुपयोगी, तितकेच माझे औषधही.

शल्यवैद्य : मग आपल्यातला वाद पुष्कळ आकुंचन पावला. अशा चाचणीला मी तीन अटींवर संमती देईन. पहिली, जे जनुक मूक करावयाचे ते निरोगी पेशीत कोणते काम करते हे आधी पुरते कळलेले असावे, कारण ई-कॅडहेरिनच्या प्रकरणावरून दिसते की, एकाच रेणूचे मौन एका टप्प्यावर तारक आणि दुसऱ्यावर मारक ठरू शकते. दुसरी, स्त्रियांवर किमान दहा वर्षे लक्ष ठेवले जावे, कारण संप्रेरकांवर वाढणारा हा रोग वीस वर्षांनीही उलटतो हे आता सर्वमान्य आहे. आणि तिसरी, अशा संशोधनासाठी सरकारी तिजोरीतून पैसा निघण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यात हाताने तपासणी करणारी सेविका नेमलेली असावी.

अध्यापिका : पहिल्या दोन अटी मी मान्य करते, किंबहुना त्या तुम्ही घातल्या नसत्या, तर मी घातल्या असत्या. तिसरी मात्र मला मंजूर नाही. सेविका नेमल्याच पाहिजेत, त्यांचे वेतन प्रयोगशाळेच्या अनुदानाआधी निघाले तरी माझी तक्रार नाही. परंतु एक काम पुरे होईपर्यंत दुसरे तहकूब ठेवा, असे म्हणणे धोक्याचे आहे. पेट्यूनियाचे पांढरे फूल 1990 सालचे आणि त्या तत्त्वावरचे पहिले औषध 2018 सालचे. मध्ये 28 वर्षे गेली, आणि त्या फुलाकडे पाहून अमायलॉइड रोगाच्या रोग्याला त्याचा उपयोग होईल असे कोणीही सांगू शकले नसते. आज ज्या मुली शाळेत जात आहेत, त्या पन्नाशीला पोहोचतील तेव्हा त्यांतील काहींना गाठ होणार आहे. सेविकेने ती वेळीच शोधली, तर शल्यवैद्याच्या हाती लिडोकेनपेक्षा अधिक समर्थ असे काही असावे, अशी माझी इच्छा आहे. आणि त्यासाठी कामाला आजच हात घातला पाहिजे.

शल्यवैद्य : तिसऱ्या अटीवर आपले एकमत होणार नाही, कारण ज्या बायका मी हातातून निसटताना पाहिल्या त्यांच्यासाठी 28 वर्षे ही मुदत नव्हती. तरी एवढे मी मान्य करतो की, माझ्या अटीचा हेतू तुमचे काम थांबविण्याचा नसावा. एक काम दुसऱ्याच्या आड येते, अशी सबब सांगून सरकारने दोन्ही टाळू नयेत, एवढाच तो असावा. सेविकांच्या नेमणुकीचा अर्ज मी जिल्हा परिषदेकडे पाठविणार आहे. त्यात शस्त्रक्रियेच्या काळातील चाचण्यांसाठी जिल्हा रुग्णालयांनी आपल्या रोग्यांची दप्तरे नीट राखावीत, असे एक कलम घालावे काय? ती दप्तरे नसतील, तर तुमच्या औषधाने कोण जगले हे पुढे कोणालाच सांगता यावयाचे नाही.

अध्यापिका : अवश्य घाला, आणि त्या अर्जावर माझीही सही घ्या.